तिसऱ्या शिट्टीच्या आत

आमच्या खोलीतली मीटिंग घड्याळावर चालत नसे, कुकरवर चाले. तीन शिट्ट्या झाल्या की मीटिंग संपली. मग कोणाचं वाक्य अर्धं राहिलेलं असो, कोणाचा हात हवेत असो, कोणाला जन्मातली सगळ्यात चांगली कल्पना नेमकी त्याच क्षणी सुचलेली असो. भरमाण्णा तर्जनी ओठांवर ठेवत आणि म्हणत, "साकु. आता वाफ जिरू दे."

साकु म्हणजे पुरे. कानडीतला हा एक शब्द अण्णा इतक्या मायेनं उच्चारत, की समोरच्याला आपल्याला गप्प केलंय हे जरा उशिरानंच कळे.

बाहेर कोणाला हे सांगितलं की माणसं हसतात. मीही हसते. पण त्या शिट्टीची जी भीती चार वर्षं माझ्या पोटात होती, ती पुरती गेलेली नाही. सांबऱ्याला आमच्या घरी आईनं कुकर चढवला की मी अजून उठून परड्यात जाते. आई म्हणते, "शिट्टीला कोण भितंय गं? न्हान हायस काय?" मी काही बोलत नाही. न बोलणं हा माझा जुना धंदा आहे.

खासबागेत एका मागाच्या शेडवर आमची खोली आहे. खाली यंत्रमाग, वर आम्ही. खाली साड्या विणल्या जातात, त्यांचे काठ आणि पदर कसे असावेत हे वर ठरतं. दिवसभर पायाखालची फरशी खडखडत असते, त्यामुळे आमच्याकडे सगळेच जरा मोठ्यानं बोलतात. मी सोडून.

आम्ही चौघं होतो. भरमाण्णा सगळ्यांत वडील. निपाणीकडच्या जैन शेतकरी घरातले, पण उमर सगळी ग्राफच्या कागदावर पेन्सिलीनं चौकोन भरण्यात गेलेली. दुसरा संतोष, कॉम्प्युटरवर डिझाईन करणारा. त्याचा आवाज मागांवरूनही ऐकू येई. तिसरी गिरिजा, विणकराच्या घरातली, रंगांची जाणकार. तिला राग आला की ती कानडीत जाई आणि राग उतरला की मराठीत परत येई. आणि चौथी मी. चित्रकलेचा डिप्लोमा केलेली, सांबऱ्याच्या बसमध्ये पुस्तक वाचत येणारी, वाचत जाणारी. अण्णा मला सुमाक्का म्हणत. त्यांच्या मुलीहून मी लहान, तरी आक्काच.

माझ्या भीतीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शाळेत हजेरीच्या वेळी माझ्या तोंडून "हजर" निघत नसे. बाई नाव घेत, मी तोंड उघडे, आवाज येत नसे आणि बाई पुढे जात. एका वर्षी मी एकही दिवस घरी न राहता निम्मं वर्ष गैरहजर होते. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझ्या कानांत आधी भुंगा शिरतो, मग तळहात ओले होतात, मग जीभ टाळूला चिकटते. हे काही लाजणं नाही. लाजण्यात थोडी गोडी असते म्हणतात. यात काहीही गोड नाही.

आणि अशा मला अण्णांच्या मीटिंगमध्ये रोज बसायचं होतं.

मीटिंग अकराला सुरू होई. आधी प्रत्येकापुढे एक स्टीलचं ताट येई आणि ताटात मूठभर तूरडाळ. ती निवडायची. खडा, साल, किडा, काय असेल ते बाजूला. अण्णांच्या घरात डाळ डोळ्यांखालून गेल्याशिवाय पाण्यात पडत नसे, तीच रीत त्यांनी खोलीत आणली होती. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, हे जेवणाचं काम उरकून मग मीटिंग असेल. पण मीटिंग सुरू झाली होती.

"डोळं डाळीत, कान माणसात," अण्णा म्हणाले. हे त्यांचं रोजचं वाक्य. बोलणाऱ्याकडे कोणी बघायचं नाही. बघितलं की माणूस तोंड सांभाळतो, मग बोलणं सांभाळायचं राहून जातं, असं त्यांचं म्हणणं.

डाळ निवडून होईपर्यंत प्रत्येकानं एक वाईट डिझाईन दाखवायचं. मुद्दाम वाईट. "वंगाळ आधी, चांगलं मागनं." सगळ्यात पहिलं वाईट डिझाईन अण्णांचं असे आणि ते खरोखर वाईट असे. एकदा त्यांनी काठावर ओळीनं शेवग्याच्या शेंगा काढल्या होत्या. संतोष हसून हसून पालथा पडला. "अण्णा, ही साडी नेसून बाई आमटीत उतरणार काय?" अण्णा शांतपणे म्हणाले, "आता तुजं दाव. माज्यापेक्षा वंगाळ आसलं तरच दाव."

एकदा पहिल्या माणसाचं चित्र हसण्यावारी गेलं, की दुसऱ्याला आपला कागद पुढे करणं सोपं जातं. हे मला आता कळतं. तेव्हा वाटायचं, म्हातारा जरा सैल आहे.

मग कुकर. खाली डाळ, वर भात. पहिल्या शिट्टीपर्यंत फक्त भर घालायची. यात हे चालेल, ते जोडता येईल, रंग असा केला तर. "न्हाय" हा शब्द पहिल्या शिट्टीआधी उच्चारला, तर त्या दिवशी भांडी त्यानं घासायची. संतोषनं आमच्या खोलीतली निम्मी भांडी याच कलमाखाली घासली आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या शिट्टीच्या मधे चुका काढायच्या, मनसोक्त. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे ठरवायचं. आणि तिसरी झाली की संपलं. मग वाफ जिरेपर्यंत, म्हणजे झाकण आपण होऊन सुटेपर्यंत, कोणीही त्या डिझाईनबद्दल बोलायचं नाही. भांडणं तेवढ्या वेळात थंड होत. नंतर सगळे मिळून वरणभात खात. कांदा-लसूण नाही, वर तुपाची धार. ज्यानं त्यानं घरून आणलेली भाकरी सोबतीला.

या सगळ्यात एक नियम होता, त्यानं माझी झोप घालवली होती. "गप ऱ्हायला, तो व्हय म्हणाला." तिसऱ्या शिट्टीच्या आत जो बोलला नाही त्याची संमती धरली जाई. नंतर जिन्यात कुजबुजायचं नाही, चहाला बाहेर गेल्यावर "मला तर आधीच वाटलं होतं" म्हणायचं नाही. अण्णा एरवी मुंगीलाही वाट देणारे. पण त्या जिन्यातल्या कुजबुजीवर त्यांचा भयंकर राग.

मुंगीवरून आठवलं. एकदा संतोष आणि गिरिजा एका किरमिजी रंगावरून हातघाईवर आले होते. गिरिजा पूर्ण कानडीत गेली होती. तेवढ्यात माझ्या ताटात एक सोंडकिडा निघाला. अण्णांनी हात वर केला. सगळं थांबलं. त्यांनी ग्राफचा एक कोरा कागद घेतला, किड्याला त्यावर चढू दिलं, गॅलरीत जाऊन कुंडीत सोडलं आणि "जा बाबा, संभाळून जा" म्हणून परत आले.

संतोष म्हणाला, "काय म्हणाला किडा? रंग पसंत हाय काय?"

"त्यानं सगळं आयकून घेतलं," अण्णा म्हणाले, "आन मगच गेला. तुज्यापरास बरा."

शेगडी अण्णांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर असे, त्यांच्या डाव्या हाताला. छोट्या सिलिंडरची, एका चुलीची. तिच्यापुढे त्यांनी तेलाचा डबा कापून पत्र्याचा आडोसा केला होता. पंख्याच्या वाऱ्यानं जाळ विझतो म्हणून. आम्हाला कुकर दिसे, जाळ दिसत नसे. जेवण बहुतेक दिवस बेताचं शिजे. पण कधी कधी डाळीचा पार गाळ होई, भात चिकट होऊन डब्याला धरे. संतोष ताटात बोट फिरवून म्हणे, "अण्णा, आज भिंतीला लावायला केलीया काय?"

"डाळच तसली," अण्णा म्हणत आणि तूप वाढत.

पहिल्या वर्षी मी वाईट डिझाईन तेवढं दाखवी, तेही कागद पुढे सरकवून. दुसऱ्या वर्षी कधीतरी एक-एक वाक्य बोलू लागले. ते वाक्य मी बसमध्ये जुळवत येई, सांबऱ्यापासून खासबागेपर्यंत. मांडीवर पुस्तक उघडं असे, पण पान उलटत नसे. पहिली शिट्टी झाली की घशाला कोरड पडे. दुसरी झाली की वाटे, आता. आता नाही, पुढच्या क्षणाला. आणि दर क्षणाला वाटे की ती तिसरी वाजेल, मी बोलण्याआधी वाजेल आणि मी पुन्हा एकदा व्हय म्हणालेली असेन. कुकरचा तो वरचा नट हलू लागला की माझ्या छातीतलं काहीतरी त्याच्याबरोबर हले.

गेल्या वर्षी मालकांचा मुलगा बेंगळुरूहून परत आला. आम्ही त्याला धाकटे मालक म्हणायचो. मुलगा वाईट नव्हता, फक्त त्याला घाई होती. त्यानं खोलीत पाऊल टाकलं, नाक वर केलं आणि विचारलं, "इथं वरणाचा वास कसला येतोय?"

"मीटिंगचा," गिरिजा म्हणाली.

पुढच्या आठवड्यात त्यानं स्वतः मीटिंग घेतली. पांढरा बोर्ड आला, रंगीत चिकट कागदांचे गठ्ठे आले. मोबाईलवर पाच मिनिटांचा गजर लावून तो म्हणाला, "मनात येईल ते लिहा. एका कागदावर एक कल्पना. काहीच चूक नसतं." पाच मिनिटांनी त्यानं कागद बोर्डावर लावून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. संतोषनं एकच कल्पना सात कागदांवर लिहिली होती. गिरिजानं "हळद, रॉकेल, मुलाची फी" असं लिहिलं होतं. मनात तेच आलं, ती म्हणाली. माझा कागद कोरा होता. आणि अण्णांच्या कागदावर होतं, "डाळ निवडायची राहिली."

धाकट्या मालकांनी बोर्ड पुसला. मग खुर्चीवर बसून, आवाज न चढवता, त्यांनी सांगितलं. सुरतेहून तयार डिझाईनं मिळतात. हव्या त्या वेळी, हवी तितकी. मग या खोलीची गरज काय? लग्नसराईच्या साड्यांचं एक मोठं काम आलं होतं. ते डिझाईन आम्ही आमच्या पद्धतीनं ठरवावं, ते समोर बसतील. जमलं तर खोली राहील. चुकलं तर खोली बंद.

त्या आठवड्यात खालचे मागसुद्धा मला वेगळे ऐकू येत. बंद, बंद, बंद. घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, बरं झालं, आता तरी स्थळं बघूया. संतोषचा आवाज अर्धा झाला होता. गिरिजा दोन दिवस मराठीतच बोलत होती, म्हणजे रागवायचंही त्राण नव्हतं. फक्त अण्णा रोजच्यासारखे. मी विचारलं, "अण्णा, तुमाला भ्या वाटत न्हाय?"

त्यांनी पेन्सिलीला टोक काढता काढता वर पाहिलं. "लई वाटतंय," ते म्हणाले. आणि पुन्हा टोक काढू लागले.

त्या दिवशी मीटिंगला धाकटे मालक माझ्या समोर बसले. त्यांच्याही पुढे ताट आलं. त्यांनी डाळ निवडली, निमूटपणे आणि फार वाईट. संतोषनं पदराचा मोठा छापील कागद भिंतीला लावला. मोर. पदरभर मोर, ओळीनं, ताठ मानेचे, तुरे वर, सोनेरी पिसारा खाली ओघळलेला. सगळ्यात वर पदराच्या दशा, टोकाचे सुटे धागे, काढलेल्या. मी शप्पथ सांगते, आमच्या खोलीत इतकं देखणं काही झालं नव्हतं. पहिल्या शिट्टीपर्यंत सगळे भर घालत राहिले. गिरिजानं पोपटी रंगात थोडा राखी मिसळायला सांगितला. दुसऱ्या शिट्टीपर्यंत चुका काढायच्या, पण कोणाला काही सापडेना. धाकटे मालक मागे रेलून म्हणाले, "मला तर आवडलं. फायनल करून टाकू." संतोषचा चेहरा, किती दिवसांनी, उजळला.

दुसरी शिट्टी झाली.

गिरिजा पाण्याचा तांब्या घ्यायला उठली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिच्या पदरावर साध्या कळ्या होत्या. कळ्यांची तोंडं वर, देठ खाली, दशांकडे. मी त्या कळ्या बघितल्या. मग भिंतीवरचे मोर बघितले. मोरांचे तुरे दशांकडे होते.

कागदावर दशा वर होत्या म्हणून मोर ताठ उभे दिसत होते. साडी नेसून पदर खांद्यावरून मागे सोडला की दशा खाली येतात. मग तुरे जमिनीकडे, पाय आभाळात. शंभर साड्या, शंभर पाठी, आणि प्रत्येक पाठीवर उलटे टांगलेले मोर. दर वेळी संतोष कागदावर दशा खाली घेऊन काम करी. या वेळी मोर भिंतीवर डौलदार दिसावेत म्हणून त्यानं वरून सुरुवात केली असावी. काठ, रंग, पिसारा यांत सगळे इतके गुंतले की ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

माझ्या लक्षात आलं. आता मला बोलायला हवं होतं.

तेवढ्यात करंट गेला. खालचे माग एकदम थांबले. पंखा फिरत फिरत थांबला. खोलीत इतकी शांतता झाली की माझा श्वास मला ऐकू येत होता. एरवी मागांच्या आवाजाखाली मी माझं एखादं वाक्य चोरून ठेवायची, आता ती सोयही नव्हती. कानांत भुंगा शिरला. संतोषकडे बघितलं, त्याचा उजळलेला चेहरा बघवेना. धाकट्या मालकांकडे बघितलं, ते मोबाईलमध्ये काही लिहीत होते. चुकलं तर खोली बंद. आणि माझंच चुकत असेल तर? मी पदर उलटा समजत असेन तर? इतक्या जणांना दिसत नाही ते मला एकटीला कसं दिसेल? अण्णांकडे बघितलं. अण्णांचे डोळे रिकाम्या ताटात होते. त्यांची मान किंचित शेगडीकडे कलली होती, काही ऐकल्यासारखी.

मी शिट्टीची वाट बघत होते. खरं सांगायचं तर मनातून ती व्हावी असं वाटत होतं. झाली की सुटले. गप राहिले, व्हय म्हणाले, संपलं. नट हलेना. फुसफुस यायची ती पण बारीक झाली होती. किती वेळ गेला कोण जाणे.

"मोर," मी म्हणाले. आवाज माझा नव्हता.

कोणी वर बघितलं नाही. डोळं डाळीत. डाळ नव्हतीच, तरी सगळ्यांचे डोळे ताटात.

"मोर... उलटं... पदर..."

पुढे जीभ टाळूला चिकटली. मी उठले, भिंतीवरचा कागद काढला आणि गिरिजाच्या खांद्यावर टाकला, जसा पदर टाकतात तसा. दशा खाली.

संतोष आधी पाठीमागे गेला. बघत राहिला. मग म्हणाला, "आयला."

गिरिजानं मान वळवून स्वतःच्या पाठीकडे बघायचा प्रयत्न केला. "अय्यो! मोर कुठलं? वटवाघळं की ही!"

पहिले हसले ते धाकटे मालक. मग संतोष, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि त्या हसण्यातच कुकरची तिसरी शिट्टी झाली. अण्णांनी तर्जनी ओठांवर ठेवली. "साकु. वाफ जिरू दे."

त्या दिवशी डाळीचा गाळ झाला होता. भात डब्याला असा चिकटला की धाकट्या मालकांनी चमच्यानं खरवडून घेतला. "हे रोज असंच असतं का?"

"डाळच तसली," अण्णा म्हणाले.

मोर सरळ झाले, खोली राहिली. चिकट कागदांचे गठ्ठे अण्णांनी मागून घेतले आणि डब्यांवर लावले. तूर, मूग, साखर, रबर, पेन्सिली. धाकटे मालक महिन्यातून एकदा जेवायच्या वेळेला बरोबर येऊ लागले. मी मात्र एक गोष्ट मनात घोळवत राहिले. चाळीस वर्षं पदर काढलेल्या माणसाला ते मोर दिसले नसतील? जिन्यात मी धीर करून विचारलं. अण्णा म्हणाले, "मला काय दिसतंय सुमाक्का, मी डाळीत बघत होतो." आणि पुढे गेले. मग दोन पायऱ्या उतरून थांबले. "आन जिन्यात बोलायचं न्हाय, किती येळा सांगितलं?"

या वर्षी एका मंगळवारी अकरा वाजले आणि अण्णा आले नाहीत. आम्ही ताटं मांडली. डाळ निवडायला घेतली. साडेअकराला त्यांच्या घरमालकाचा फोन आला. ते भाड्याच्या खोलीत एकटेच राहत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी निपाणीला. शनिवारी जात, सोमवारी येत. झोपेतच गेले म्हणाले. संतोष फोन धरून उभाच राहिला. चार ताटांतली तीन निवडून झाली होती, चौथं तसंच होतं. त्या डाळीचं काय करायचं हे आम्हाला कोणालाच कळेना. शेवटी गिरिजानं ती चौथ्या ताटासकट फळीवर ठेवली.

आठवड्यानं आम्ही निपाणीला भेटायला गेलो. मुलगी दारातच म्हणाली, "सुमाक्का कोण तुमच्यात?" मी हात वर केला. शाळेत कधी केला नव्हता तसा.

तिनं पाणी दिलं. मग हळूहळू सांगत बसली. "अण्णा लई भित्रे. तुमाला खरं वाटायचं न्हाय. चार माणसांत बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. आधी एका गिरणीत होते, तिथं मीटिंग असली की आदल्या दिवशी जेवायचे न्हाईत. घरात काय अवघड सांगायचं आसलं तरी दोन-दोन दिवस घुटमळत फिरायचे. मग आई कुकर चढवायची नि म्हणायची, तीन शिट्ट्या व्हायच्या आत सांगून टाका, मागनं मी इचारणार न्हाय." ती थोडी हसली. "आन तसल्या दिवशी आमच्याकडं डाळीचा हमखास गाळ. आईला एवढा चांगला सैपाक यायचा, पण त्याच दिवशी कसं बिघडायचं, देव जाणे."

परतीच्या बसमध्ये मी ते डाळीच्या गाळाचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचल्यासारखं आठवत राहिले. अर्थ लागला नाही.

धाकट्या मालकांनी सांगितलं, सोमवारपासून मीटिंग पुन्हा सुरू करा. कोण घेणार? संतोष म्हणाला, "मी न्हाय." गिरिजानं माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, नाही म्हणायला, आणि आवाज आला नाही. गप ऱ्हायला, तो व्हय म्हणाला.

तो रविवार कसा गेला ते लिहीत नाही. सोमवारी मी अण्णांच्या खुर्चीत बसले. फळीवरचं चौथं ताट खाली काढलं आणि ते आम्ही तिघांनी वाटून निवडलं. वाईट डिझाईन पहिल्यांदा मी दाखवलं. ते मुद्दाम वाईट करायची गरज पडली नव्हती. कोणी हसलं नाही. कुकर चढला. पहिली शिट्टी झाली. खाली माग चालू होते तरी ती फार मोठी वाटली. संतोषनं एक कागद पुढे सरकवून ठेवला होता, उपडा. आमच्या खोलीतला सगळ्यात मोठा आवाज त्याचा आणि तो ताटातला एकच दाणा बोटानं इकडून तिकडे ढकलत बसला होता.

दुसरी शिट्टी झाली.

संतोषनं तोंड उघडलं. मिटलं. कानाची पाळी ओढली. मला त्याच्या घशातली कोरड माझ्या घशात कळली. नट हलू लागला होता. आता वाजेल, मला वाटलं, तो बोलायच्या आधी वाजेल.

आणि तेव्हा माझा डावा हात खाली गेला. तिथं, पत्र्याच्या आडोशामागे, बसल्या जागी हाताला बरोबर लागेल असं, शेगडीचं बटण होतं. कोणाला दिसलं नसतं. ते बोटांच्या जागी गुळगुळीत झालं होतं, बाकी सगळं कळकट. मी ते फिरवलं. जाळ निळ्या टिकलीएवढा झाला. नट खाली बसला.

मी ताटात बघत राहिले. डोळं डाळीत. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे डाळ काही दिसत नव्हती.

किती वेळ गेला कोण जाणे.

"ही..." संतोष म्हणाला. कागद उलटला. "अण्णांच्या जुन्या ग्राफावरनं केलीया. ती शेवग्याची शेंग. जरा बारीक केलीया. मला वाटतंय... वंगाळ झालीया."

वंगाळ नव्हती. आम्ही ती ठरवली. मग मी बटण पुन्हा फिरवलं आणि तिसरी शिट्टी होऊ दिली.

वाफ जिरल्यावर गिरिजानं झाकण काढलं, पळी घातली, उचलली. पळीवरून डाळ पडतच नव्हती.

"हे काय गं सुमा? पार गाळ झालाय की!"

"डाळच तसली," मी म्हणाले आणि तूप वाढलं.